फुगडी, खोकला आणि दुसरं ऑपरेशन

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५२, वजन ७८ किलो, पाळी दोन वर्षांपूर्वी गेली. दोन्ही बाळंतपणं खालूनच झाली. धाकट्याच्या वेळी चिमटा लावावा लागला. चाळिशीपासून खोकलं, शिंकलं, फुगडी घातली की लघवी निसटायची. सहा वर्षांपूर्वी मूत्रनळीखाली, म्हणजे पिशवीतली लघवी बाहेर आणणाऱ्या नळीखाली, जाळीची पट्टी बसवण्याचं ऑपरेशन झालं. कागदावर 'टीओटी' असं लिहिलं आहे. त्यानंतर चार वर्षं अगदी कोरडी गेली. मंगळागौरीच्या खेळांच्या मंडळात त्या पुन्हा पुढे उभ्या राहून झिम्मा, पिंगा, फुगड्या घेऊ लागल्या. गेली दोन वर्षं मात्र त्रास परत आला आहे. मंडळात जाणं बंद, एसटीचा प्रवास बंद, पूजेला बसणंही बंद. डॉक्टर म्हणतात दुसरी पट्टी बसवू. जाऊबाई म्हणतात गर्भपिशवीच काढून टाक. ओळखीचे एक म्हणाले, कागदावर 'स्ट्रेस' लिहिलंय, म्हणजे टेन्शन घेणं सोड. ताई विचारतात: "ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मी गव्हाचं पोतं उचललं होतं. तेव्हाच माझ्या हातून वाटोळं झालं का? आता पुन्हा कापून घेऊ, की हे असंच सोसायचं?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा प्रश्न वाचला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळींवर अडले. त्या तुम्ही सहज जाता जाता लिहिल्या आहेत. बीपीची गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झाली आणि "तेव्हापासून बारीक कोरडा खोकला काही जात नाही", ही एक. बाजारातून आल्यावर "कुलूप काढेपर्यंतही दम निघत नाही", ही दुसरी. तुमच्या प्रश्नापेक्षा या दोन ओळींनी मला जास्त सांगितलं. त्यांच्याकडे येते, पण आधी त्या पोत्याचं बोलू, कारण ते तुम्ही सहा वर्षं मनावर वाहताय.

पोतं उचललं म्हणून पट्टी त्या दिवशी सरकली असती, तर पुढची चार वर्षं तुम्ही कोरड्या राहिला असतात का? त्रास लगेच, फार तर काही आठवड्यांत परत आला असता. ही जाळी विणलेल्या धाग्याची असते आणि पहिल्या काही आठवड्यांतच आजूबाजूचं मांस तिच्या छिद्रांतून वाढून तिला धरून ठेवतं. पहिले सहा-आठ आठवडे जड उचलू नका असं आम्ही सांगतो ते त्यासाठीच. तुम्ही दोन महिने थांबला होतात. तुमच्या हातून काही वाटोळं झालेलं नाही.

'स्ट्रेस'चाही खुलासा करते, कारण या शब्दाने अनेक बायकांना उगाच अपराधी वाटायला लावलं आहे. इथे स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण नव्हे, पोटातून लघवीच्या पिशवीवर येणारा दाब. खोकला, शिंक, हसू, उडी, भरलेली कळशी उचलणं, या प्रत्येक वेळी हा दाब वाढतो. अंगणातल्या रबरी नळीचं उदाहरण घ्या. नळी फरशीवर ठेवून पाय दिला तर पाणी थांबतं. तीच चिखलात ठेवून पाय दिला तर नळी रुतते आणि पाणी वाहतच राहतं. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लागला असेल तर, मूत्रनळीखालची ही फरशी सैल पडते. तुमची पट्टी म्हणजे नळीखाली घातलेली नवी फरशी. उल्फ उल्मस्टेन या स्वीडिश डॉक्टरांनी १९९६ मध्ये अशा पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. जांघेच्या बाजूने ती घालण्याची तुमची 'टीओटी' २००१ मध्ये फ्रान्समध्ये आली.

आता तुमचा प्रश्न. दुसरं ऑपरेशन की सोसणं, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात: परत आलेला त्रास तोच जुना आहे. मला त्याचीच खात्री नाही.

खोकल्याबरोबर, त्याच क्षणी थोडीशी लघवी निसटते तो दाबाचा त्रास. एकदम जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोहोचता येत नाही तो घाईचा त्रास. त्यात फरशी सैल नसते, लघवीची पिशवीच अवेळी आकुंचन पावते. नळाचा आवाज आला, किल्ली कुलपात घातली, की घाई होते. तुमची ती कुलपाची ओळ नेमकी हीच. पुष्कळ बायकांना दोन्ही असतात. तिसरा प्रकार असा की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि भरून वाहते. पट्टी जरा घट्ट बसली असेल किंवा मधुमेहाने नसा कमजोर झाल्या असतील तर हे होतं. तिन्हींमध्ये कपडा ओलाच होतो, पण उपाय तीन वेगळे. घाईच्या त्रासावर दुसरी पट्टी घातली तर तो बरा होत नाही, उलट वाढू शकतो. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी काय परत आलंय हे ठरलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे तो यामुळे.

खोकल्याकडे वळते. आज घरातली बीपीच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि औषधाचं मूळ नाव वाचा. त्याचा शेवट 'प्रिल' असा आहे का, म्हणजे रामीप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल? या जातीच्या गोळ्या चांगल्या असतात, पण काही जणांना त्यांनी घशात सतत खवखव होऊन कोरडा खोकला लागतो, आणि खोकल्याचं औषध कितीही प्यायलं तरी तो जात नाही. दिवसातून शंभरदा खोकायचं म्हणजे शंभरदा त्या फरशीवर घाव. गोळी तीच निघाली तर मनाने बंद करू नका, बीपी चढेल. डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांगा: "या गोळीनंतर खोकला लागलाय आणि खोकल्याने लघवी सुटते." टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनी असा खोकला सहसा होत नाही. गोळी बदलल्यावर खोकला बहुधा महिनाभरात जातो, कधी तीन महिने लागतात. प्राझोसिनसारखी काही बीपीची औषधं मूत्रनळीची पकडच ढिली करतात, तेही विचारून घ्या. गोळी वेगळीच निघाली, तरी दोन वर्षांचा खोकला तपासून घ्यायलाच हवा. दमा, पित्त, चुलीचा धूर, क्षय, कारण काहीही असो, खोकला थांबल्याशिवाय केलेलं ऑपरेशन पहिल्या दिवसापासून मार खात राहतं.

तपासण्यांचं सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर बावरायला होणार नाही. पहिलं काम घरचं. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता काय प्यायलात, किती वाजता किती लघवी झाली (एक जुनं मापाचं भांडं त्यासाठीच ठेवा), कधी निसटली आणि तेव्हा काय करत होतात. ही तीन पानं डॉक्टरांसमोर ठेवली की अर्धं निदान होतं. मग लघवीची तपासणी, साखर, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली हे बघायला सोनोग्राफी, आणि भरल्या पिशवीने खोकायला लावून तपासणी. ओलं व्हायला नको म्हणून त्या दिवशी पाणी न पिता जाऊ नका. डॉक्टरांना ते दिसायलाच हवं.

पहिल्या ऑपरेशनच्या आधी साध्या, स्पष्ट दाबाच्या त्रासाला यापुढची मोठी तपासणी बहुतेक वेळा लागत नाही. दुसऱ्या ऑपरेशनआधी मात्र 'युरोडायनॅमिक' तपासणी करून घ्या. बारीक नळी पिशवीत आणि एक गुदद्वारात घालून पिशवी हळूहळू पाण्याने भरतात, खोकायला लावतात आणि दाब मोजतात. अर्धा-पाऊण तास लागतो. दुखत फारसं नाही, संकोच वाटतो, आणि तो वाटणारच. खोलीत बाई मदतनीस हवी हे हक्काने मागा. पिशवी अवेळी आकुंचन पावते का, आणि मूत्रनळीची स्वतःची पकड किती उरली आहे, हे यातून कळतं. पकडच गेली असेल तर नुसती फरशी बदलून भागत नाही. जुनी जाळी आत कुठे रुतली आहे का हेही बघून घ्या. लघवीत रक्त, वारंवार जंतुसंसर्ग, जांघेत दुखणं, योनीतून स्राव, संबंधांच्या वेळी तुम्हाला दुखणं किंवा यजमानांना टोचणं, यांतलं काही असेल तर दुर्बिणीने आतून तपासणी झालीच पाहिजे. तुमच्यापासून मिरज लांब नाही, म्हणजे डॉक्टरांची वाण नाही. फक्त दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर अशी पुन्हा करायची ऑपरेशनं नेहमी करणारेच स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ शोधा. "अशी किती केलीत?" असं विचारण्यात काही वावगं नाही.

हे चालू असताना तीन महिने कटितळाचे, म्हणजे लघवीची पिशवी आणि योनी यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंचे, व्यायाम करा. "ते केले, काही झालं नाही," असं तुम्ही लिहिलंय. कसे केले, कुणी तपासलं होतं का? आर्नल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा स्नायू बरोबर आवळतोय की नाही हे मोजायचं साधनही वापरलं होतं. आपल्याकडे मात्र बाईच्या हातात एक छापील कागद देतात आणि पाठवून देतात. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी आवळायच्या ऐवजी खाली जोर लावत असतात, आणि त्याने फायदा सोडाच, तोटा होतो. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळून धरतो तेच आत, वर ओढायचं. मांड्या, ढुंगण, पोट आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. जमेल तेवढं धरून ठेवा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करू नका. पहिल्याच आठवड्यात स्त्रियांच्या फिजिओथेरपिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून बोटाने तपासून घ्या की योग्य स्नायू हलतोय.

यातली एक युक्ती तुम्हाला लगेच उपयोगी पडेल. खोकला येतोय असं वाटलं की खोकायच्या आधी आवळा, आणि आवळलेलंच ठेवून खोका. शिंकेला तेच, हंडा उचलताना तेच. तुम्ही फुगडीचा ताल अंगात भिनवलेली बाई आहात; 'आधी आवळ, मग उडी' हा ताल तुम्हाला इतरांपेक्षा लवकर साधेल.

वजनाचं एकदाच बोलते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या बायकांनी सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन उतरवलं, तेव्हा त्यांचं लघवी निसटणं जवळपास निम्म्यावर आलं. तुमच्या बाबतीत आठ टक्के म्हणजे सहा किलो. गुडघे आणि बीपी दोन्ही त्यासाठी दुवा देतील.

आता समजा, खोकला गेला, घाईवर औषध झालं, तीन महिने नीट व्यायाम झाले, तरी खोकल्याबरोबर लघवी निसटतेच आहे आणि तपासणीतही तेच दिसलं. मग ऑपरेशन करावं का? जरूर करावं, तुम्हाला हवं असेल तर. 'एकदा फसलं म्हणजे पुन्हा फसणारच' हे खरं नाही, आणि पहिल्याइतकीच खात्री देता येते हेही खरं नाही. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये आपल्या हजाराहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्यांदा पट्टी बसवलेल्यांपैकी ८६ टक्के बायकांनी दाबाचा त्रास गेल्याचं सांगितलं, दुसऱ्यांदा बसवलेल्यांपैकी ६२ टक्क्यांनी. तुमच्यासाठी त्यातला पुढचा आकडा महत्त्वाचा: दुसरी पट्टी जांघेच्या बाजूने घातलेल्यांत ४८ टक्के, तर जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) मागून, म्हणजे 'टीव्हीटी' पद्धतीने घातलेल्यांत ७१ टक्के. नव्याने घाईचा त्रास लागण्याचं प्रमाणही दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिल्याच्या दुपटीहून अधिक होतं. दुसऱ्यांदा केलेल्या बायका त्यात मोजक्याच होत्या, म्हणून आकडे दगडावरची रेघ नाहीत. पण डॉक्टर पुन्हा टीओटीच म्हणत असतील, तर "टीव्हीटी का नको?" हे विचारायला एवढा आधार पुरे.

जाळी नको असेल तर तसाही रस्ता आहे. ओटीपोटावरच्या स्नायूंवरचं स्वतःचंच घट्ट आवरण, साधारण बोटाएवढ्या रुंदीची पट्टी कापून घेऊन ती मूत्रनळीखाली झोळीसारखी घालतात. ही पद्धत जाळीपेक्षा जुनी आहे आणि त्रास परत आलेल्या बायकांसाठी आजही भरवशाची मानली जाते, विशेषतः मूत्रनळीची पकडच सैल असेल तेव्हा. पोटावर टाका येतो, बरं व्हायला जास्त दिवस लागतात. काही जणींना नंतर लघवी अडते आणि काही काळ स्वतः नळी घालून ती काढावी लागते, हे आधीच माहीत हवं. मला विचाराल तर, जुनी जाळी रुतलेली निघाली तर मी याच बाजूने झुकेन. आणखी एक सौम्य उपाय म्हणजे मूत्रनळीच्या भिंतीत जेलचं इंजेक्शन देऊन तिचं तोंड थोडं अरुंद करणं. त्याच दिवशी घरी जाता येतं. ऑपरेशनइतका गुण येत नाही, पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि ते सगळीकडे मिळतही नाही. पण भूल झेपणार नाही किंवा दुसरं ऑपरेशन नकोच, अशा बाईसाठी ते चांगलं आहे.

मोबाइलवर जाळीबद्दल वाचून तुम्ही घाबरला आहात. भीती निराधार नाही. ब्रिटनमध्ये जाळीने आयुष्यभराचं दुखणं लागलेल्या बायकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा २०१८ च्या जुलैत तिथे लघवीच्या त्रासासाठी जाळी घालणं थांबवण्यात आलं, आणि २०२० च्या चौकशी अहवालाने त्या बायकांचं म्हणणं ऐकलं गेलं नव्हतं हे मान्य केलं. अमेरिकेने २०१९ मध्ये जी विक्री थांबवली ती मात्र अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गे घालायच्या मोठ्या जाळीची होती. लघवीसाठीची बारीक पट्टी तिथे अजून वापरतात. जाळी एकदा रुजली की पूर्ण काढणं अवघड असतं, म्हणून ती घालण्याआधी प्रश्न विचारायचे. ज्यांची पट्टी काही त्रास न देता आत आहे, त्यांनी भीतीपोटी काढायला मात्र धावू नये.

जाऊबाईंना माझा निरोप द्या: गर्भपिशवी काढून हा त्रास जात नाही. लघवीची पिशवी वेगळी, गर्भाची पिशवी वेगळी. बीडच्या ऊसतोड बायकांच्या किती गर्भपिशव्या कारण नसताना काढल्या गेल्या, हे तपासायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. हा सल्ला इतक्या सहज दिला जातो त्याचं मला फार वाईट वाटतं. लेझरने योनी 'घट्ट' करून लघवी थांबवतो अशा जाहिराती दिसल्या तर त्यातही पैसे घालू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच त्याबद्दल सावध केलं आहे. पाळी गेल्यावर आतला कोरडेपणा, जळजळ, घाई असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांनी ते आधी विचारूनच घ्यावं.

पाणी तोडू नका. तुम्ही बाहेर जायचं असलं की सकाळपासून घोटभरही पीत नाही म्हणता. लघवी दाट होते, पिशवीला झोंबते, आणि घाई वाढते. तोडायचाच असेल तर दिवसातला चौथा-पाचवा चहा तोडा. पाळीचं पॅड लघवीसाठी नसतं. लघवीसाठीची वेगळी पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. कापडाची घडी वापरत असाल तर ती कडक उन्हात वाळवा आणि त्वचेला पेट्रोलियम जेली लावा. आणि पूजेला बसा. अंघोळ करून, स्वच्छ पॅड लावून बसलेल्या बाईला देव उठवत नाही. आजारपण म्हणजे विटाळ नव्हे.

पत्रातलं एक वाक्य मला अजून टोचतंय: "मी वेगळ्या खोलीत झोपते, ह्यांना वाटतं मी रागावले आहे." त्यांना सांगा. लाज वाटत असेल तर हे पत्रच त्यांच्या हातात द्या. दोन वर्षं त्यांनीही काहीतरी मनात धरलं असेल.

ज्या बायकांना दिवसरात्र सतत गळत राहतं, लघवी अजिबात होत नाही, किंवा पाय बधिर होऊन शौचावरचाही ताबा जातो, त्यांनी यातलं काहीच करत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

श्रावणाला अजून वेळ आहे. मंडळात आत्ताच परत जा, पॅड लावून. उड्यांच्या फुगड्या यंदा दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. झिम्मा, गाणी आणि नव्या मुलींना शिकवणं तुमच्याकडे ठेवा. मंडळातल्या चाळिशीपुढच्या दोघी-तिघींना एकीकडे घेऊन हळूच विचारलंत तर कळेल की फुगडी टाळणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. तीन दिवसांची वही झाली की मला परत लिहा. बीपीच्या गोळीचं नाव तेवढं आजच वाचा.